दोघांनी जायचं, एकानं परत यायचं

दौंडच्या रेल्वे पार्सल ऑफिसातला फोन दुपारच्या वेळी वाजला की तो उचलायला आमच्यापैकी कुणालाच हौस नसते. हमखास एखादा व्यापारी पलीकडून ओरडत असतो, माझ्या टोपल्या कुठं अडकल्या म्हणून. त्या दिवशीही मी बराच वेळ वाजू दिला आणि मग वैतागूनच उचलला. पलीकडं न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवरून आक्काचा शेजारी बोलत होता. असशील तसा नीघ, एवढंच म्हणाला. मी विचारलं, आत्याबाईंना काय झालं का? आत्याबाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची सासू. ऐंशीच्या घरातली, दम्यानं बेजार, दर उन्हाळ्यात आम्हाला घाबरवून सोडणारी. आक्का तिला आत्याबाई म्हणते म्हणून आम्हीही सगळे तसंच म्हणतो. तो माणूस म्हणाला, "म्हातारी बरी हाय. तुमचं दाजी गेलं." मी काय बोललो ते आठवत नाही. चौफुल्याला न्हावऱ्याची एसटी मिळाली, खिडकीशी बसलो, कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं आणि गावाचं नावच तोंडातून फुटेना. शेवटी शेजारच्या तोंडओळखीच्या बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, अहो द्या त्यांना न्हावऱ्याचं, कायतरी वंगाळ झालेलं दिसतंय.

पेपरची ही पुरवणी वाचणाऱ्यांनी दाजींचे फोटो पाहिलेले असतील, नाव कदाचित लक्षात नसेल. ते फोटोखाली बारीक अक्षरात यायचं आणि दाजींना तेवढंही जास्तच वाटायचं. पाखराचं नाव छापा, माझं कशाला, असं त्यांनी पुरवणीवाल्यांना कळवलं होतं. म्हणून मीही इथं ते लिहीत नाही. दाजी म्हणूनच लिहितो. माळावर पळणारा धाविक पक्षी, उसाच्या बांधावर पिल्लांना ऊन खाऊ घालणारी खोकडीण, भीमेच्या पाण्यातले लांब पायांचे रोहित पक्षी… दौंडच्या एका सलूनमध्ये त्यांच्या रोहितांचा फोटो पेपरमधून कापून आरशाशेजारी चिकटवलेला मी स्वतः पाहिलाय. मी न्हाव्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, हे आमचे दाजी. तो म्हणाला, कोणता? डावीकडचा का उजवीकडचा? हे मी दाजींना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की आक्का स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बघायला आली.

आक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होतो. मुलगा बीएस्सी, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, घरात आई आणि तो. आमच्या वडिलांना दुसरं काही नको होतं. लग्न न्हावऱ्याच्या शाळेच्या पटांगणात झालं. आक्का पांढऱ्या साडीत, दाजी पांढऱ्या सदऱ्यात, भंतेजी वंदना म्हणताहेत आणि नवरामुलगा मान वर करून आभाळात बघतोय! आधी करवल्यांनी वर बघितलं, मग पहिल्या रांगेनं, मग सगळ्या मांडवानं. वर घारीसारखं काहीतरी घिरट्या घालत होतं. घरी परत येताना वडील एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर जरा वर बघतंय." आमच्या घरात ते वाक्य पुढं कितीतरी वर्षं चाललं. दाजी दारात आले की आई आतूनच विचारायची, वर बघणारे आले का?

कॅमेरा घरात आला तो नव्वदच्या सुमारास, भाची शाळेत जायला लागल्यावर. पुण्यातून कुणाकडून तरी जुना घेतलेला, आणि त्याला हाताएवढी लांब लेन्स. कारखान्याचा गळीत हंगाम थंडीत असतो, तेव्हा दाजी दिवसभर उसाचा रस तपासत बसलेले. उन्हाळ्यात बॉयलर थंड झाले की बाकीचे लोक गावच्या लग्नांत जेवत फिरायचे आणि हे माळावर. न्हावऱ्याबाहेरचा तो माळ तुम्ही पाहिला असेल तर म्हणाल, इथं काय ठेवलंय? खुरटं गवत, बोराट्या, गोटे आणि ऊन. पण जमिनीवर अंडी घालणारी पाखरं ह्याच उन्हात, ह्याच गोट्यांमध्ये बसतात. घरटं नाही, काडी नाही, उघड्यावर मांडलेला संसार. दाजींना तीच पाखरं लागायची. झाडावरच्या पाखरांना काय, म्हणायचे, त्यांना सावली तरी हाय.

त्यांनी कारखान्यातून फाटकी बारदानं आणली, आक्कानं ती मशिनवर शिवून दिली आणि त्याची एक खोपी झाली. चार काठ्या, वर-खाली बारदान, पुढं लेन्सपुरतं भोक, आत एक पत्र्याचा डबा बसायला. ही खोपी अंड्यांपासून लांब उभी करायची, रोज थोडी थोडी पुढं सरकवायची, पाखराला तिची सवय होऊ द्यायची. आता असं घरट्याजवळ जाऊन कुणी फोटो काढू नये म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. दाजींनाही शेवटी शेवटी ते पटायला लागलं होतं. पण त्या वेळी तीच रीत होती. खोपी तर झाली, पण माणूस आत शिरताना पाखरू बघतंच. मग ते जवळ येत नाही, लांब उभं राहून ओरडत बसतं. त्यावर दाजींनी उपाय काढला, किंवा कुठंतरी वाचला असेल. दोघांनी जायचं, एकानं परत यायचं. पाखराला डोकी मोजता येत नाहीत. माणसं आली आणि माणूस गेलं, एवढंच त्याला कळतं. परत जाणाऱ्यानं मोठ्यानं बोलत जायचं, झटझट जायचं आणि मागं वळून अजिबात बघायचं नाही. वळून बघितलं की पाखराला वाटतं, हे अजून आपल्या मागावरच आहे.

तर ते परत येणारं माणूस म्हणजे आमची आक्का. लग्नातली पांढरी साडी माळावर लांबून दिसते म्हणून दाजींनी तीच नेसायला लावली. पहिल्याच दिवशी बोराटीत अडकून तिचा काठ फाटला आणि आक्कानं खोपीतल्या नवऱ्याला ऐकू जाईल असं जे काही तोंडसुख घेतलं, त्यामुळं म्हणे पाखरू एकदम निर्धास्त झालं. मग तो तिचा नेमच झाला. नवऱ्याला खोपीत बसवायचं आणि सासूपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत माळ उतरायचा. पुढं बांधावर एक लिंब आहे. तिथं बसून ती काजं-बटणं करायची, मेंढरं घेऊन आलेल्या बायांशी गप्पा मारायची, आणि सूर्य डोक्यावर आला की तशीच बोलत बोलत त्यांना आणायला जायची. आणायलाही तिनंच जायचं, कारण आतून माणूस आपण होऊन बाहेर आला तर पाखराचा जीवच जायचा. एका उन्हाळ्यात आक्का आजारी होती तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. मी थोडा चाललो आणि सवयीनं वळून बघितलं. माळटिटवी जी उठली ती आम्ही घरी जाईपर्यंत ओरडत होती. त्यानंतर दाजी मला बघितलं की आक्काला म्हणायचे, "आलं बघ तुझं रेल्वेवालं. गाडी सुटली तरी हात हलवत फलाटावर उभं राहायची सवय ह्यांची."

एकदाच दाजी आपण होऊन बाहेर आले होते. आत्याबाईंना दम लागला म्हणून आक्काला त्यांना घेऊन शिरूरच्या दवाखान्यात जावं लागलं, निरोप पोचला नाही. सूर्य कलला तरी कुणी येईना, तेव्हा दाजी घाबरले. घरी काहीतरी झालं असणार म्हणून ते खोपीतून उठले आणि पळत सुटले. टिटवी त्यांच्या समोरच अंड्यांवर सावली धरून उभी होती. ती उडाली ती त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही परत आली नाही. अंडी उन्हात शिजली. मला हे दाजींनी फार वर्षांनी सांगितलं, तेही तुटक तुटक… मी उठलो नसतो तर, एवढंच म्हणाले. आक्का सांगते, त्या आठवड्यात ते जेवायला बसायचे आणि ताटाला हात न लावता उठायचे. तेव्हापासून त्यांनी स्वतःवर बंधन घालून घेतलं होतं, काहीही झालं तरी खोपीतून आपण होऊन उठायचं नाही. आक्का येईल तेव्हाच उठायचं.

गेली कितीतरी वर्षं त्यांच्या डोक्यात पखुर्डी होती. कबुतराएवढं, मातकट रंगाचं पाखरू. माळावर पायाशी असलं तरी दिसत नाही. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की नर सकाळी लांब पाण्यावर जातो, पाण्यात पोट भिजवतो, तसाच ओला उडत येतो आणि पिल्लांपुढं ताठ उभा राहतो. पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतलं पाणी पितात. दाजींनी हे एकदा लांबून दुर्बिणीतून बघितलं होतं आणि त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. अडचण अशी की पखुर्डीची पिल्लं अंग वाळलं की चालायलाच लागतात, दुसऱ्या दिवशी ती कुठं असतील सांगता येत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या पहिल्या सकाळी. एका वर्षी अंडी सापानं खाल्ली, एका वर्षी मेंढरं त्यावरून गेली, एका वर्षी पिल्लं निघाली त्याच दिवशी कारखान्यात साहेब लोकांची तपासणी. दाजी लॅबच्या खिडकीतून माळाकडं बघत उभे होते म्हणे, आणि साहेबानं विचारलं, तुमचं लक्ष कुठंय? मी चिडवायचो, दाजी, आमच्या पार्सल ऑफिसात या, हमाल हवं तेवढं पाणी पिताना दाखवतो. ते म्हणायचे, "मेव्हणं, तुमाला न्हाई कळायचं. बाप पाणी अंगावर घालून आणतोय हो."

यंदाच्या मे महिन्यात सगळं जुळून आलं. खोपी आधीच जागेवर होती. आदल्या संध्याकाळी दाजींनी दुर्बिणीतून एका अंड्याला तडा गेलेला बघितला आणि घरी येऊन लहान मुलासारखे आत-बाहेर करत राहिले. त्या महिन्यात त्यांचा डावा हात दुखायचा, छातीत जळजळायचं, आणि ते पित्त म्हणून सोडा घेऊन मोकळे व्हायचे. सकाळी उजाडता उजाडता दोघं माळावर गेली. आक्कानं त्यांना आत बसवलं, पाण्याची बाटली दिली, भोक नीट केलं. मादी लांब जाऊन बसली होती. दाजी म्हणाले, जा आता, आणि आक्का निघाली. त्या दिवशी ती काय बोलत माळ उतरली ते तिला आठवतं… गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, लेकीला पुण्याला लाडू पाठवायचेत, तुमच्या आईला नवीन चष्मा लागतोय. मागं वळून तिनं बघितलं नाही. सूर्य डोक्यावर आला तशी ती आणायला गेली, नेहमीसारखी बोलत बोलत. पखुर्डी पिल्लांना घेऊन केव्हाच पुढच्या गवतात गेली होती. दाजी काठीला टेकून बसलेले होते, डोळा कॅमेऱ्याजवळ. आक्का म्हणाली, अहो उठा, गेली ती. आणि मग तिनं हात धरला.

शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका. आक्कानं त्यांना एकच विचारलं, लगेच गेले का? डॉक्टर तरुण होते, खरं बोलले. म्हणाले, सांगता येत नाही, पण थोडा वेळ तरी त्रास झाला असावा. त्या वाक्यानं घात केला. आक्काला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. मी बांधावरच होते की, म्हणायची. लांब होते का? हाक मारली असती तर पळत गेले नसते का? मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणायची, मारली असंल. मी त्या बायांशी बोलत बसले होते, मला ऐकू आली नसंल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना आत्याबाई बायांच्या घोळक्यात बसून मोठ्यानं बोलल्या, "माझं लेकरू हाका मारत गेलं, आन् हिला बसल्या जागी ऐकू न्हाई आलं." आक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो ट्रे खाली ठेवला नाही. सगळ्यांना चहा दिला, आत्याबाईंना बिनसाखरेचा वेगळा दिला, आणि आत गेली. मी मागून गेलो तर चुलीशी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. त्या दिवसापर्यंत ती रडलेलीच नव्हती.

कॅमेऱ्यातला रोल मी पुण्याला धुवायला दिला. हातात प्रिंट आल्या आणि मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसलो. मादी, मग अंड्याच्या टरफलाशेजारी पिल्लं, मग पुन्हा मादी… आणि मग तो आला होता. ताठ उभा, पोटाची पिसं ओली होऊन फुललेली, आणि त्याखाली पिल्लं, चोची वर करून. एका पिल्लाच्या चोचीखाली पाण्याचा थेंबसुद्धा दिसतो. इतकी वर्षं दाजी ज्याच्यासाठी भाजून निघाले ते त्यांना मिळालं होतं. त्यानंतरचा सगळा रोल कोरा. मला वाटलं, हे बघून आक्काला थोडं तरी बरं वाटेल. काहीतरी मिळवून गेला माणूस. तिनं फोटोकडं बघितलं, नीट बघितलं, आणि परत माझ्या हातात दिला. "चांगला आलाय," म्हणाली. "पर ह्यात हाक मारली का न्हाई ते कुठं दिसतंय?"

पुढच्या रविवारी तिनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, खोपीपर्यंत चल. खोपी अजून तशीच उभी होती, कुणाचं काढायचं धाडस झालं नव्हतं. ऊन तसंच होतं, वारा पडलेला होता. आक्का म्हणाली, त्या दिवशी असाच होता. मग ती वाकून आत शिरली आणि त्या पत्र्याच्या डब्यावर बसली. इतक्या वर्षांत ती खोपीत कधी बसलीच नव्हती, तिचं काम बाहेर पडायचं. आतून मला म्हणाली, तू लिंबाखाली जाऊन बस, जिथं मी बसते तिथं. मी इथनं हाक मारते. ऐकू येती का सांग. मी म्हटलं, आक्का, कशाला हे? आता काय उपयोग त्याचा? तिनं बारदान खाली सोडलं. मग मी निघालो. त्या बारदानात माझी बहीण एकटी बसलेली, आणि मी तिच्याकडं पाठ करून चाललेलो. वळून बघावंसं एवढं वाटत होतं की मान दुखायला लागली. आक्कानं हे कितीतरी वर्षं, उन्हाळ्यात रोज सकाळी केलं होतं, आणि आम्ही भाऊ तिला चिडवत होतो, पगार किती देतात म्हणून.

लिंबाखाली बसलो. मेंढरं लांब होती, त्यांच्या घंटांचा बारीक आवाज येत होता. आणि हाक आली. मला वाटलं होतं ती माझं नाव घेईल. पण तिनं स्वतःचं घेतलं, दाजींनी घेतलं असतं तसं… "सुमन!" एकदा. मग थोड्या वेळानं पुन्हा. माळावरून तो आवाज सरळ आला, कुठं अडकला नाही, कुठं फुटला नाही. बाई शेजारच्या खोलीतून बोलावतेय असं वाटावं. परत जाताना मी सगळ्या वाटेभर ठरवत होतो, काय सांगू? ऐकू आली म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो ते मला कळत होतं. ती इथं बसलेली, मन सगळं खोपीकडं, आणि हाक आली असती तर तिला ऐकू आलीच असती. ऐकू नाही आली म्हणावं तर तिचा जन्म, मारली असेल का, मारली असेल का, असं म्हणण्यात जायचा. खोपीशी पोचलो तेव्हा ती बाहेर येऊन उभी होती, पदर डोक्यावर घेऊन.

"आली?"

मी वाकून चपलेतला खडा काढायला लागलो.

"खरं सांग बाळू. माझी शपथ हाय तुला."

"आली," मी म्हटलं. "चांगली आली. दोन्ही वेळा."

तिनं माळाकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी मारलीच न्हाई." आणि थोडं थांबून, "पाखरू उडंल म्हणून मला हाक न्हाई मारली ह्यांनी… छातीत कळ आली तरी बसून ऱ्हायले. मी यीन म्हणून बसून ऱ्हायले." आणि मग ती जी खाली बसली, तिथंच गोट्यांमध्ये, आणि जी रडली… मला तिला उठवता येईना, आणि उठवावंसंही वाटेना. दाजींचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. राग येतो अजूनही. टिटवीची अंडी गेली म्हणून तुम्ही ताटावरून उठत होता ना दाजी? मग हे काय केलंत? ती बांधावर बसलेली बाई तुमच्या हाकेच्या अंतरावर होती. ती पाखरं उडाली असती तर उडाली असती! पिल्लं तुमच्या डोळ्यांदेखत पाणी पिऊन झाली होती, फोटो झाला होता, आता काय राहिलं होतं? एकदा सुमन म्हणायला काय होत होतं तुम्हाला? हे मी त्या रिकाम्या खोपीला मोठ्यानं बोललो की मनात बोललो, मला माहीत नाही. आक्का म्हणाली, गप बस. म्हणजे मोठ्यानंच बोललो असणार.

घरी आलो तेव्हा आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. दाजी गेल्यापासून त्या दिवसभर तिथंच बसतात, माळाच्या रस्त्याकडं तोंड करून. एवढ्या उन्हात कुठं गेली होतीस, त्यांनी आक्काला विचारलं. आवाजात तोच काटा होता. आक्काच्या हातात आता उत्तर होतं. सासूनं भरल्या घरात तिच्यावर जे घातलं होतं ते एका वाक्यात परत करता आलं असतं… तुमच्या लेकानं हाक मारलीच नाही, मी परीक्षा करून आले, विचारा ह्या बाळूला. मी तिच्या मागं उभा होतो आणि मला वाटत होतं, बोल, एकदाचं बोलून टाक. आक्कानं पदरानं तोंड पुसलं. चपला काढल्या. सासूच्या पुढ्यात खाली बसली.

"खोपीकडं गेल्ते आत्याबाई," म्हणाली. "बाळूला लिंबाखाली बसवलं आन् हाक मारून बघितली. तिथनं ऐकू येत न्हाई. वारा घेऊन जातो."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"म्हंजी त्यानं मारली आसंल," आत्याबाई म्हणाल्या.

"मारली आसंल."

म्हातारी थोडी पुढं सरकली. मग तिनं आक्काचा हात धरला, दाजी गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि तो स्वतःच्या मांडीवर घेतला. "आई म्हणला आसंल," म्हणाली. आक्का म्हणाली, व्हय, आईच म्हणले असतील. मग मी तिथं थांबलो नाही, पाणी प्यायला आत गेलो आणि माठापाशी उभाच राहिलो.

हे सगळं मी लिहू का, असं मी आक्काला विचारलं. दाजींवर पुरवणीसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप आला होता आणि ह्यातलं वगळून मला दुसरं काही लिहिता येईना. ती शिवत होती. मशिन थांबवून म्हणाली, लिही. घडलं तसं लिही, आत्याबाईंना वाचता येत न्हाई. मग पुन्हा मशिन सुरू केलं. म्हणून न्हावऱ्यातल्या आणि आसपासच्या मंडळींना माझी हात जोडून एक विनंती आहे. या मजकुरासोबत दाजींचा पखुर्डीचा फोटो छापलाय. तुमच्यापैकी कुणी आक्काच्या घरावरून गेलात तर ओट्यावर म्हातारी बसलेली असेल, तिला तो जरूर दाखवा, चष्मा नवीन आहे, तिला दिसतं. बाप पिल्लांना पाणी पाजतोय आणि हे तिच्या लेकानं काढलंय, एवढं सांगा. वाचून मात्र दाखवू नका.